कालचा नकाशा

लढाऊ विमानाचा वैमानिक शिडीवर पाय ठेवण्याआधी विमानाभोवती एक फेरी मारतो. विमान आधीच तपासून झालेलं असतं. तंत्रज्ञांनी टायर पाहिलेले असतात, इंधन भरलेलं असतं, इंजिन बघितलेलं असतं. प्रत्येक कामापुढे कुणाची ना कुणाची सही असते. फॉर्म ७०० नावाची ती वही वैमानिकाच्या हातात येते. तो ती वाचतो, पण लगेच वर चढत नाही. विमानाच्या नाकापासून निघतो, एका बाजूनं शेपटीपर्यंत जातो आणि दुसऱ्या बाजूनं परत येतो. पंखावरून हात फिरवतो. चाकाशी वाकतो. खाली तेलाचा डाग नाही ना, हवा आत घेणाऱ्या तोंडाशी काही अडकलं नाही ना, लाल फितीची झाकणं सगळी निघाली आहेत ना, हे पाहतो. मग सही करतो. तेव्हापासून विमान त्याच्या जबाबदारीचं.

हजारो तास उड्डाण केलेला वैमानिकही ही फेरी चुकवत नाही. काल याच विमानातून उतरला असला तरी आज मारतो. त्यात कुणावर संशय नसतो, आणि ही सवय मला आवडते ती यासाठीच. रात्रभर राबलेला तंत्रज्ञ फेरीत सोबत चालत असतो. काही विचारायचं असेल तर त्यालाच विचारलं जातं, आणि त्यालाही त्याचं वाईट वाटत नाही. आपण नीट केलेलं काम दुसरा माणूस तितक्याच मनापासून पाहतो आहे, याचं समाधानच वाटत असणार.

पण काल व्यवस्थित असलेलं विमान आज पुन्हा का बघायचं? नुसतं उभं असलेलं विमानही बदलत असतं म्हणून. विमानाच्या अंगावर पिटो ट्यूब नावाची बारीक नळी असते. समोरून येणारी हवा तिच्यात शिरते आणि तिच्या दाबावरून विमानाचा वेग कळतो. ६ फेब्रुवारी १९९६ला डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाता इथून एक बोईंग ७५७ निघालं आणि काही मिनिटांतच समुद्रात कोसळलं. विमानातली सगळी १८९ माणसं गेली. वेगाचे आकडे चुकीचे येत होते. ते विमान बरेच दिवस जमिनीवर उभं होतं आणि त्या काळात नळीची तोंडं झाकलेली नव्हती. कुंभारीण माशीनं नळीत मातीचं घर केलं असावं, असं तपास करणाऱ्यांचं मत पडलं. खिडकीच्या चौकटीवर मातीचं इवलंसं घर बांधणारी ही माशी आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. विमानात कुणी काही बिघडवलं नव्हतं. मधले दिवस गेले होते, एवढंच.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे ग्रुप कॅप्टन दिलीप कमलाकर परुळकर. १० ऑगस्ट २०२५ला पुण्यात त्यांचं निधन झालं. वय ऐंशीच्या पुढे होतं. मागे पत्नी आणि दोन मुलं. पुण्यात राहणारे, हवाई दलातून निवृत्त झालेले एक आजोबा. एवढंच माहीत असलेल्याला त्यांच्याकडे पाहून फार काही कळलं नसतं. १९६५च्या युद्धात जमिनीवरून झालेल्या माऱ्यात त्यांच्या विमानाला गोळ्या लागल्या आणि उजवा खांदा जखमी झाला. त्या खांद्यानिशी त्यांनी विमान परत आणलं. त्यासाठी वायुसेना पदक मिळालं. पुढे विशिष्ट सेवा पदकही मिळालं. पण लोकांच्या लक्षात ते राहिले १९७२ सालच्या एका रात्रीमुळे.

१० डिसेंबर १९७१ला त्यांचं सुखोई-७ पाकिस्तानात पाडलं गेलं. ते उडी मारून वाचले आणि पकडले गेले. युद्ध थोड्याच दिवसांत संपलं, पण कैद संपली नाही. रावळपिंडीच्या कैदखान्यात हवाई दलाचे आणखी काही अधिकारी होते. आपण पकडले गेलो तर पळून येऊ, असं परुळकर युद्धाआधीच म्हणाले होते. ते त्या बोलण्याला धरून राहिले. जेमतेम तिशीचं वय. सुटका कधी होणार, कुणालाच सांगता येत नव्हतं. तशा दिवसांत माणूस चिडतो, नाहीतर खचतो. हा माणूस भिंत बघत होता.

त्यांची तयारी वाचताना मला विमानाभोवतीची तीच फेरी दिसते. एकेक गोष्ट पाहायची, हात लावून पाहायची. भिंत किती जाड? पलीकडे काय आहे? पहारेकरी कधी वळतो? रात्री थोडंथोडं प्लास्टर खरवडायचं, विटा मोकळ्या करायच्या आणि सकाळी कुणाला दिसणार नाही असं सगळं झाकायचं. युद्धकैद्यांना मिळणाऱ्या भत्त्यातून पैसे बाजूला टाकायचे. रेडक्रॉसच्या पार्सलमधलं टिकाऊ खाणं साठवायचं. सोबत्यांपैकी एकानं सुईत चुंबकत्व आणून होकायंत्र तयार केलं. सगळ्यांना पळता येणार नव्हतं. काहींची हाडं मोडलेली होती. तरी ते मदत करत राहिले. तिघं जण पळून गेल्यावर मागे राहणाऱ्यांना शिक्षा होणार हे त्यांना माहीत होतं. पळून गेलेल्यांची गोष्ट सगळे सांगतात. मला मागे राहिलेल्यांबद्दलही तेवढंच वाटतं. आपल्याला जायचं नाही हे ठाऊक असताना दुसऱ्याच्या प्रवासाची सुई बनवायला मोठं मन लागतं.

१२ ऑगस्टची रात्र उलटून १३ ऑगस्ट लागला. बाहेर वादळ होतं. परुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी भिंतीतल्या भोकातून बाहेर पडले. पेशावरपर्यंत बसनं गेले. पुढे टांगा, मग पुन्हा बस, तीही टपावर बसून. सकाळी ते खैबर खिंडीतल्या लंडी कोतलला पोचले. अफगाणिस्तानची हद्द तिथून जेमतेम चार मैल. इतकं सगळं जमून आलं होतं. आता फक्त पुढची वाट विचारायची होती.

त्यांच्या नकाशात लंडी कोतलच्या पुढे लंडी खाना हे रेल्वेचं शेवटचं स्टेशन होतं. त्यांनी चहाच्या दुकानाजवळ लंडी खान्याला कसं जायचं ते विचारलं. नकाशात चूक नव्हती. इंग्रजांनी खैबरमधून रेल्वे नेली होती आणि १९२६ साली ती खरोखर लंडी खान्यापर्यंत पोचली होती. पण १९३२ सालीच तो शेवटचा तुकडा बंद झाला. म्हणजे हे तिघं जन्मायच्याही आधी. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्टेशनाचा पत्ता तीन तरुण विचारत होते. तिथल्या माणसांना शंका आली. इथलं कुणी असं विचारणार नाही. एका कारकुनानं हटकलं आणि थोड्याच वेळात तिघं ताब्यात होते.

तिथेही परुळकरांनी धीर सोडला नाही. सरहद्दीवरच्या त्या भागात संशयिताचं काय होईल, सांगता येत नव्हतं. रावळपिंडीच्या कैदखान्याचे पूर्वीचे प्रमुख उस्मान हमीद आता पाकिस्तानच्या हवाई दलप्रमुखांच्या कार्यालयात आहेत, हे त्यांना ठाऊक होतं. मला त्यांच्याशी फोनवर बोलू द्या, असा आग्रह त्यांनी धरला. हमीद यांनी हे आमचेच कैदी असल्याचं सांगितलं आणि तिघांचे जीव वाचले. शत्रूच्या अधिकाऱ्याला फोन करावासा वाटला, आणि त्यानं माणुसकी दाखवली. या गोष्टीतला हा भाग मुलांना आवर्जून सांगावा. १ डिसेंबर १९७२ला हे सगळे वैमानिक वाघा सीमेवरून भारतात परतले.

मला मात्र ते बंद पडलेलं स्टेशन सोडत नाही. तिघंही हुशार, धाडसी आणि बारकाईनं काम करणारे. भिंत, पहारेकरी, पैसे, खाणं सगळं त्यांनी स्वतः डोळ्यांनी पाहून पारखलं होतं. पारखता न आलेली गोष्ट एकच, पुढचा नकाशा. कोठडीत बसून ते पाहायचं तरी कसं? त्यांच्या हातात जे होतं त्यावर त्यांनी विश्वास ठेवला. त्यांना दोष द्यावा असं यात काहीच नाही. आपली गोष्ट वेगळी आहे. आपल्यामध्ये भिंत नाही. माणूस शेजारच्या खोलीत बसलेला असतो. तरी आपण त्याच्याबद्दलचा जुना नकाशाच वापरत राहतो.

घरात हे फार सहज होतं. परक्या माणसाला आपण विचारतो, चहा घेणार की कॉफी, साखर किती. घरच्या माणसाला विचारत नाही. त्याचं सगळं आपल्याला पाठ असतं. मुलगा पाचवीत गणितात मागे पडला होता. आता तो दहावीत आहे, शेजारच्या मुलांना बीजगणित समजावून सांगतो, पण पाहुण्यांसमोर आई अजून म्हणते, "याला गणित म्हटलं की घाम फुटतो." मुलगा हसतो आणि आत निघून जातो. आजी रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसते. सगळ्यांना वाटतं, तिला मालिका लागतात. खरं तर गेल्या काही महिन्यांपासून तिला नीट दिसत नाही. ती नुसती आवाज ऐकत बसलेली असते. कुणी विचारलंच नाही. सून लग्न होऊन आली तेव्हा तिला उपमा आवडायचा, म्हणून दर रविवारी तिच्यासाठी उपमा होतो. त्यात प्रेम आहेच. पण तिला तो आवडेनासा होऊनही बराच काळ लोटलाय, आणि एवढ्या प्रेमानं केलेल्या गोष्टीला नाही कसं म्हणायचं म्हणून ती खाते. सगळी भली माणसं. कुणाचं मन वाईट नाही. स्टेशन मात्र केव्हाच बंद झालेलं आहे.

भिवंडीच्या आमच्या टेमघरला रोज एक काम चालतं, त्याची मला या संदर्भात फार आठवण येते. शहाडला उल्हास नदीचं पाणी उपसतात आणि ते इथल्या स्टेम या पाणीपुरवठा कंपनीच्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं. इथून शुद्ध होऊन ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरकडे जातं. नदी तीच, केंद्रही तेच. पण फेब्रुवारीतलं पाणी वेगळं आणि जुलैतल्या पहिल्या मोठ्या पुराचं पाणी वेगळं. पावसाळ्यात तर सकाळचं पाणी दुपारी राहत नाही. त्यामुळे शुद्धीकरण केंद्रात आलेल्या पाण्याचा गढूळपणा पुन्हापुन्हा मोजावा लागतो. काचेच्या भांड्यांत पाणी घेतात, प्रत्येकात तुरटीची वेगळी मात्रा टाकतात, ढवळतात आणि थांबतात. ज्या भांड्यात गाळ नीट खाली बसतो ती मात्रा धरतात. काल किती तुरटी लागली होती हे वहीत लिहिलेलं असतंच. ती वही उपयोगाची असते, पण आज भांडं भरून पाहिल्याशिवाय काम होत नाही. लाखो घरांतले नळ या रोजच्या पाहण्यावर चालतात.

इतकी वर्षं नदीचं पाणी हाताळणारी माणसं आज पुन्हा पाणी पाहतात, म्हणून त्यांचं ज्ञान कमी ठरत नाही. उलट पाणी बदलतं हे त्यांना सगळ्यात जास्त ठाऊक असतं. वैमानिकाचंही तसंच. ज्याला विमान खरं कळलं आहे, तोच रोज त्याच्याभोवती फिरतो. "मी तिला तीस वर्षं ओळखतो" हे वाक्य आपण बहुतेक वेळा बोलणं संपवायला वापरतो. तिथूनच विचारायला सुरुवात केली तर?

सैन्यातून निवृत्त होणाऱ्या माणसांच्या घरी हे लवकर लक्षात येतं. नोकरीत असताना घर तुकड्यातुकड्यांनी भेटलेलं असतं. दोन-तीन वर्षांनी बदली. काही ठिकाणी कुटुंब नेता येतं, काही ठिकाणी नाही. मुलांच्या शाळा बदलतात. बायको एकटीच आजारपणं काढते, गॅसचा नंबर लावते, मुलाच्या शाळेत जाऊन बोलून येते. साहेब रजेवर येतात तेव्हा घर सजलेलं असतं. आवडीचा स्वयंपाक असतो, भांडणं पुढे ढकललेली असतात. अशा रजांवरून मनात घराचा एक नकाशा तयार होतो. मग एक दिवस निरोप समारंभ होतो, बूट खोक्यात जातात आणि माणूस कायमचा घरी येतो. पाहतो तर साखरेचा डबा दुसरीकडे गेलेला. मुलगी कॉफी प्यायला लागलेली. बायकोचा स्वतःचा दिनक्रम ठरलेला, तिच्या मैत्रिणी, तिची भजनाची वेळ. आणि घरातले निर्णय कुणाला न विचारता छान होत आलेले.

इथे दोन प्रकारची माणसं दिसतात. काहींना वाटतं, आता आपण आलो, घराला शिस्त लावू. काही जण आधी घराभोवती एक फेरी मारतात. बघतात, विचारतात, ऐकतात. कोणता डबा कुठे असतो ते शिकून घेतात. आपल्या गैरहजेरीत हे विमान कुणी नीट राखलं, ते ओळखतात आणि तिच्यासमोर तसं म्हणतात. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला आपण कुटुंबवत्सल म्हणतो. घराबद्दल माया तर पहिल्यालाही असते. दुसऱ्यानं त्या मायेला रोज पाहण्याची जोड दिलेली असते.

यासाठी निवृत्त व्हावं लागत नाही. गणवेशही लागत नाही. भिवंडीत माग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. रात्रपाळी करून नवरा सकाळी घरी येतो, आणि बायकोला कल्याणहून लोकल पकडायची असते. दोघांची भेट दारात. तो चपला काढतो, ती घालते. त्या दोन मिनिटांत सगळी कामं सांगायची असतात. दूध आलं, किल्ली इथे, मुलाची फी भरायची आहे, गॅस संपत आलाय. ही कामं खरी आहेत आणि ती सांगायलाच हवीत. पण त्यातच एक प्रश्न बसतो. "रात्री गरम होत होतं का कारखान्यात?" किंवा "काल गुडघा दुखत होता, आज कसा आहे?" प्रश्न कालच्या माहितीवरूनच निघतो, पण उत्तर आजचं हवं असतं. तिकडे रिक्षावाला हॉर्न वाजवत असतो हे खरं, पण एका उत्तरापुरता तोही थांबतो.

आता एक अडचण. आपल्याकडे विचारणं आणि चौकशी करणं यांत फार अंतर उरलेलं नाही. "कुठे होतास?", "कुणाचा फोन होता?", "जेवली का नाहीस?" हेही प्रश्नच आहेत, आणि समोरचा माणूस ते ऐकून आक्रसतो. म्हणून त्या फेरीत बरोबर चालणारा तंत्रज्ञ लक्षात ठेवायला हवा. वैमानिक चूक पकडायला फिरत नाही. दोघांनाही विमान सुखरूप परत यायला हवं असतं. घरातला प्रश्न तसा असला की आवाजातच कळतो. मुलांना तर शब्दांच्या आधी आवाज कळतो. मुलगा वहीत डोकं घालून बसला असेल तर "अभ्यास झाला का?" असं विचारण्यापेक्षा शेजारी बसून "हे कसं सोडवतात रे?" असं विचारून पाहावं. पाचवीतल्या नकाशात नसलेला मुलगा समोर येईल. त्याचा आनंद मोठा असतो, त्याला होतोच आणि आपल्याला जास्त होतो.

कधी कधी उत्तर जड असतं. आजी म्हणते, "दिसत नाही गं नीट." आपण निघायच्या घाईत असतो, तेव्हा मन पटकन म्हणतं, वय झालं, होतं असं. विमानाखाली तेलाचा डाग दिसला तर वैमानिक तो पाहिला न पाहिल्यासारखा करून चढत नाही. तो थांबतो, तंत्रज्ञाला दाखवतो, गरज पडली तर ते उड्डाण होत नाही. आपल्याला दर वेळी कामावरून थांबता येणार नाही. पण "आज संध्याकाळी डॉक्टरांची वेळ घेते" एवढं सांगून निघता येतं. आणि संध्याकाळी ती खरंच घेता येते. बऱ्याच वेळा मोतीबिंदूच असतो, छोट्या शस्त्रक्रियेनं दिसायला लागतं. आजीला परत मालिका दिसतील, किंवा ती सांगेल की मालिका तिला कधीच आवडत नव्हत्या, तिला पोथी वाचायची होती.

परुळकर कैदेतून जवळजवळ वर्षभरानं परतले. त्यानंतर ते हवाई दलात राहिले, ग्रुप कॅप्टन झाले, निवृत्त झाले आणि पुण्यात आपल्या माणसांत राहिले. त्यांच्या सुटकेच्या प्रयत्नावर पुस्तक आलं, चित्रपट आला. त्या धाडसाबद्दल लोक त्यांना ओळखत आले, आणि ते योग्यच आहे. माझ्या मनात मात्र त्या चार मैलांच्या नंतरची वर्षं येतात. वर्षभराच्या कैदेनंतर घरी आलेल्या प्रत्येक माणसाला आपल्या माणसांची नव्यानं ओळख करून घ्यावी लागत असेल. आई थोडी थकलेली. धाकटी भावंडं उंच झालेली. घरच्यांनाही हा माणूस नवा. रात्री दचकून उठतो का, दार बंद केलेलं चालतं का, हे त्यांना विचारूनच कळणार. एकमेकांना असं विचारत घर पुन्हा उभं राहत असेल.

आपल्या घरातही रोज रात्री प्रत्येक जण कुठून तरी जाऊन येतो. कुणी काळजीतून, कुणी दुखण्यातून, कुणी एखाद्या छान स्वप्नातून. सकाळी उठलेला माणूस कालचाच असेल असं नाही. आज डबा भरताना, केस विंचरताना, मोबाइल चार्जिंगवरून काढताना घरातल्या एकाला एक प्रश्न विचारून पाहा. सगळ्यांना एकाच दिवशी नको. घरात सगळ्यात कमी बोलतो त्याच्यापासून सुरुवात करा. तो बहुतेक "काही नाही" म्हणेल. हरकत नाही. उद्या पुन्हा विचारा, आणि परवा त्याच्यासाठी दोन मिनिटं लवकर आवरून ठेवा.